अलगदला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी असत्या तर दोन वेळा शेक घ्यायला लावला असता. आता तुम्ही एकटे, त्यात सुतारकाम, म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं चालूच असणार. इकडे तुमची भाचेसून खुशाल आहे. मी खुशाल आहे की नाही, ते हे पत्र लिहून झाल्यावर कळेल असं वाटतं.

या तुरुंगाचा अधिकारी झाल्यापासून मी सुधारणेचा ध्यास घेतलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी सगळ्या शिपायांना बसवून सांगितलं, की आजपासून शिव्या बंद, प्रत्येक कैद्याला 'अहो' म्हणायचं. आमच्या हवालदारांनी (त्यांना सगळे 'तोफ' म्हणतात, आणि आता तेही त्याच नावाला ओ देतात) आयुष्यात कुणाला 'अहो' म्हटलेलं नव्हतं. सकाळी बराकीत जाऊन त्यांनी 'अहो, उठता का?' असं जे काही विचारलं, त्याने दोघं कांबळ्यात शिरले, आणि एका म्हाताऱ्याने, एवढ्या गोडीने फक्त मरणाऱ्यालाच विचारतात, असं म्हणून रडायला सुरुवात केली. दुपारी कैद्यांचं शिष्टमंडळ माझ्यासमोर उभं. म्हणे, साहेब, आमचं काय चुकलं ते सांगा, पण हे थांबवा. मी म्हटलं, हा तुमचा सन्मान आहे. ते म्हणाले, सन्मान असू दे, पण निदान तोफसाहेबांना हसायला लावू नका. (हसायला मीच सांगितलं होतं. तिथे माझा अंदाज चुकला.) तिकडे तोफ सवयीने घरी बायकोलाही 'अहो' म्हणाले, तर तिने घाबरून भावाला बोलावून घेतलं. आता कुठे कसं बोलायचं हे ते रोज मला विचारतात, आणि मला सांगता येत नाही.

सुतारकामाची खोली मात्र बरी चालली. तिथे रमला तो अलगद. घरफोडीत आलेला, पन्नाशीचा, बारीक अंगाचा. पावलांचा आवाज येत नाही म्हणून बराकीने ठेवलेलं हे नाव. त्याचं पहिलं स्टूल डगमगत होतं, तर कधी हा पाय, कधी तो पाय असं कापत कापत शेवटी त्याचा पाट झाला. पण पुढे हात बसला. गेल्या आठवड्यात तो सुटला. मी निरोपाचे चार शब्द बोललो (लोक कंटाळले होते, असं तोफ म्हणतात), टाळ्या झाल्या, तो गेला. आणि त्याच संध्याकाळी फाटकावर टकटक. जन्मात ज्याने कुणाचं दार वाजवलं नाही, तो तुरुंगाचं दार वाजवत उभा. भावाकडे गेला होता म्हणे. वहिनीने फटीतून पाहिलं आणि आतून किल्ली फिरवली. "साधंच कुलूप होतं साहेब," तो म्हणाला, "केसातल्या पिनेने उघडलं असतं. पण पायरीवरच बसून राहिलो." मग उघडलं का नाहीत, असं मी विचारलं (हा प्रश्न तुरुंगाधिकाऱ्याने विचारावा का, हे मला अजून कळलेलं नाही). तो म्हणाला, "त्यांनी उघडायला हवं होतं ना." तोफ हळूच म्हणाले, "अहो, गुन्हा केल्याशिवाय आत घेता येत नाही," आणि आपण काही भलतंच सुचवलं की काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहू लागले.

शेवटी त्याला घरी आणलं. भाचेसुनेने त्याला जेवू घातलं, अंथरूण दिलं. मी, ज्याने माणुसकीवर एवढी भाषणं ठोकली, त्या मी गुपचूप कपाटाला कुलूप घातलं, आणि किल्ली इतकी नीट लपवली की सकाळी मलाच सापडेना. माझा गणवेश आत. घरभर शोधलं, उशा झटकल्या. अलगद कोपऱ्यात बसून पाहत होता. मग काही न विचारता उठला, भाचेसुनेकडून पिन मागून घेतली, कुलूप काढलं, आणि मी गणवेश घेईपर्यंत कपाटाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामा, तो गणवेश अंगात चढवताना मला फार विचित्र वाटलं. सुधारणा कुणाची चालली आहे, याचा तेव्हापासून माझा घोळ झालाय.

बाकी सर्व क्षेम. तुमचा आशीर्वाद असावा. काही चुकलं असल्यास कान धरावा, म्हणजे काय चुकलं ते तरी कळेल.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या दुकानामागची खोली रिकामीच असते, आणि गुडघ्यामुळे तुम्हाला हाताखाली माणूस हवाच आहे. नाही म्हणू नका. नाही म्हणता यायला थोडा उशीरही झालाय, कारण हे पत्र घेऊन आलेला माणूस अलगदच आहे.

आणखी ता. क. मी पत्ता सांगू लागलो तर म्हणाला, घर माहीत आहे, मागच्या दाराची कडी नीट बसत नाही तेच ना? त्याला हे कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. कडी दुरुस्त करून देतो म्हणालाय.

शेवटचं. तो पुढच्या दाराशी, पायरीच्या खाली उभा असेल. कुणी म्हटल्याशिवाय बसत नाही. प्रत्येक पत्र दोनदा वाचायची तुमची सवय मला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाचण्याआधी त्याला आत बोलवा.