खणातली झोप

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

परसात पाच कोंबड्या असताना बायकोने दुकानातून अंडी आणावीत, आणि ती आणताना शेजाऱ्यांनी पिशवीत डोकावून पाहावं, यापेक्षा मोठी मानहानी कुठल्या गृहस्थाच्या वाट्याला आली असेल तर मला कळव. मी ती गेले काही दिवस सोसतो आहे आणि तिची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून हे लिहितो.

आई गेल्यावर आप्पा आणि तिच्या कोंबड्या एकाच टेम्पोतून माझ्या दारात उतरले, हे तुला ठाऊक आहेच. कोंबड्यांसाठी मी स्वतः खुराडं बांधलं. दिवसभर ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे तपासणारा माणूस मी, त्यामुळे आधी रीतसर नकाशा काढला. अंडी घालायला तीन खण, त्यात मऊ भुसा, आणि रात्री बसायला एक दांडी. आता या बायका काय करतात? दांडीकडे ढुंकून बघत नाहीत. दिवस मावळला की खणात शिरतात, तिथेच झोपतात आणि रात्रभर तिथेच घाण करतात. सकाळी अंडं उचलावं तर ते शिटेत लडबडलेलं. काळी, मान ताठ ठेवणारी हेडबाई आणि सारखी टकटक करणारी टायपिस्ट, या दोघी तर एकाच खणात चेपून बसतात. मी भुसा रोज बदलला. कुणी सांगितलं म्हणून लिंबाच्या साली टाकल्या. त्यांनी त्या चोचीने बाहेर फेकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी ऐसपैस बसल्या.

खरं सांगायचं तर कोंबड्यांचं रडगाणं मी मुद्दाम लांबवतो आहे. आप्पांचंही तेच चाललं आहे. त्यांना वरची खोली दिली. पूर्वेची खिडकी, नवी गादी, घरातली सगळ्यात चांगली जागा. आप्पा तिथे झोपत नाहीत. रात्री केव्हातरी खाली येतात आणि मागच्या पॅसेजमध्ये, संडासाच्या दाराशेजारी चपला घालायला ठेवलेला बाक आहे ना, त्यावर अंगाची जुडी करून झोपतात. विचारलं तर म्हणतात, वर उकडतं. या थंडीत. आणि त्यांचं अंथरूण दोनदा ओलं सापडलं. हिने काही न बोलता धुतलं, पण हिचं काही न बोलणं कसं असतं ते तू ऐकलं आहेस.

फोन आप्पांच्या खुर्चीला लागूनच आहे, म्हणून पत्र. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

माझ्यावर माया आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा,
धाकटा


९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र हसत वाचायला घेतलं आणि शेवटाला येईपर्यंत हसू कुठे गेलं ते कळलं नाही. तुझी मानहानी शेजारी बरीच वर्षं बघताहेत, त्यात अंड्यांची भर पडली तर काही बिघडत नाही. पण ओल्या अंथरुणाला तू तरी नाक मुरडू नकोस. चौथीत जाईपर्यंत तुझ्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या एक दिवसाआड लवंडायचा आणि सकाळी तुझी चादर दोरीवर असायची. आई दर वेळी तेच म्हणायची, तांब्या उशाशी ठेवू नये, कितीदा सांगितलं. इतका वेंधळा मुलगा मी आजवर दुसरा पाहिला नाही.

मी इतकी वर्षं कोंबड्या पाळते, आईलाही त्या मीच दिल्या, तेव्हा मला मोघम नकाशा नको. खण जमिनीपासून किती वर आहेत? दांडी किती वर आहे आणि कशाची आहे? कोणी अंडी उबवायला खुडूक तर नाही ना बसलेली?

आप्पांना मी इकडेच आणलं असतं. पण यांचा उजवा हात अजून उठत नाही, घास मला भरवावा लागतो, कूस मला बदलावी लागते. दोन माणसं उचलायचं बळ माझ्यात नाही. हे लिहायची लाज वाटते, तरी लिहिते, म्हणजे तुला उगाच आशा नको. आप्पांशी जपून वाग.

तुम्हा सगळ्यांवर, हेडबाईंसकट, जीव आहे.
ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खण माझ्या छातीच्या उंचीवर आहेत. अंडी काढताना वाकायला नको, माझी कंबर तुला माहीत आहे. दांडी गुडघ्याच्या उंचीवर. बाथरूमच्या पडद्याची स्टीलची नळी शिल्लक होती, ती बसवली. दिसायला फार देखणी आहे. खुडूक कोणी नाही. खुडूक असती तर निदान अंड्यांची काळजी केली असती.

मी आता सरळ पुठ्ठे ठोकून खण बंद केले. म्हटलं, जागाच नाही तर जातील कुठे. सकाळी पाहतो तर पाचही जणी जमिनीवर कोपऱ्यात एकीवर एक. सगळ्यात खाली होती ती म्हातारी कोंबडी, मामी, पाय ओढत बाहेर आली. अजून लंगडते.

आप्पांच्या बाबतीतही मी हेच केलं. बाक उचलून गच्चीवर नेऊन टाकला, म्हणजे झक मारत खोलीत झोपतील. सकाळी उठून आलो तर आप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपले होते. पायजमा भिजलेला. माझी चाहूल लागली तसे उठले आणि म्हणाले की आज लवकर उठलास.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ही बाहेर येऊन म्हणाली की गल्लीला तरी झोपू द्या, आणि आत जाऊन पोळपाटावर डोकं ठेवून रडली. आप्पा दिवसभर वर बसून राहिले. जेवायला या म्हणून निरोप पाठवला तर भूक नाही म्हणाले.

रविवारी एक जागा बघून आलो. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ती. स्वच्छ आहे. लांबलचक खोली, ओळीने पलंग, प्रत्येक गादीवर रबरी कापड. तिथला व्यवस्थापक म्हणाला की आठवडाभरात सवय होते. कुणाला होते, ते मी विचारलं नाही. महिनाअखेरीपर्यंत त्याने एक पलंग राखून ठेवला आहे. मी त्याला हो म्हणणार आहे, ताई. दुसरं काही सुचत नाही. ऑफिसात बसलो की घरी जायचं जिवावर येतं, आणि घरी आलो की त्या पायरीकडे बघवत नाही. मी वाईट मुलगा आहे असं तुला वाटत असेल तर तसं लिही. पण मग काय करू, तेही लिही.

रागावलीस तरी पत्र पाठवायचं सोडू नकोस.
धाकटा


१७ नोव्हेंबर

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा हात कसा आहे? त्यांना मऊ चेंडू दाबायला देत जा, कंटाळले तरी द्यावा.

माझी प्रकृती ठीक. धाकट्याने मला घरातली सर्वांत चांगली खोली दिली आहे. उजेड आणि वारा भरपूर. आल्यागेल्याला तो ती कौतुकाने दाखवतो, त्यामुळे खोलीबद्दल काही बोलणं बरं दिसत नाही. जिना त्याने स्वतः आखलेला, गुळगुळीत दगडाचा आहे. कठड्याने शोभा जाते म्हणून कठडा ठेवलेला नाही. दिवसा मला काहीच अडचण येत नाही.

कोंबड्यांवरून तो फार त्रासून गेला आहे. त्यांचं काय चुकतं आहे ते मला दिसतं, पण त्याने इतक्या हौसेने बांधलं आहे, मी काय बोलू.

एक काम आहे. तुझ्या आईच्या दोन जुन्या चादरी तुझ्याकडे आहेत, त्या पाठव. धाकट्याला आणि सूनबाईला कळवू नकोस. खुराड्याशेजारी नळ आहे, तिथे पहाटे माझं मी धुतो. पण या दिवसांत वाळायला वेळ लागतो आणि तीच चादर रोज दोरीवर दिसली की प्रश्न येतात. पिळताना मनगटं दुखतात, एरवी काही नाही.

धाकटा कुठलीशी जागा बघून आला आहे. मला कोणी सांगितलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी फार गोड बोलतो. जायचं झालं तर मीच जातो म्हणेन. त्याच्या तोंडून ते निघावं अशी वेळ आणणार नाही.

तिकडे सर्वांना माझी आठवण सांग.
आप्पा


२१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

वाईट मुलगा आहेस असं मी लिहीत नाही. वाईट नकाशा काढतोस, असं लिहिते.

कोंबडी झोपायला वरची जागा शोधते. तू खण वर टांगलेस आणि दांडी खाली लावलीस, म्हणजे तूच तिला खणात पाठवलंस. त्यात दांडी स्टीलची. अंधारात कोंबडीला दिसत नाही, पाय घसरला की संपलं. ती हट्टी नाही आणि तुझा अपमान करायलाही निघालेली नाही. जिथे पाय टिकतो तिथे ती रात्र काढते. आणि जिथे रात्र काढायची तिथे घाण होणारच, तुझ्या हातून झाली नसती का?

लाकडाची पट्टी घे, तिच्या कडा घासून गोल कर आणि खणांपेक्षा वर लाव. चढायला मध्ये एक तिरकी फळी दे. हे झालं की मग खण बंद कर, रोज दिवेलागणीला, आणि पहाटे त्या अंड्यावर बसायच्या आत उघड. जायला जागा न देता आधी पुठ्ठे ठोकलेस, म्हणून मामी लंगडते. पहिले काही दिवस संध्याकाळी स्वतः जा, एकेकीला दोन्ही हातांनी उचलून दांडीवर ठेव आणि तिची बोटं घट्ट बसेपर्यंत हात काढू नकोस. तोंडाने काही बोलू नकोस. शिकतात त्या.

आता एक सांगते, त्याचं कारण विचारू नकोस, मी शब्दाने बांधलेली आहे. पत्र मिळेल त्या रात्री तू आप्पांच्या पलंगावर आडवा हो. दोन तांबे पाणी पिऊन हो. थांबवेनासं झालं की संडासापर्यंत चालत ये. दिवा लावायचा नाही, चष्मा घालायचा नाही. आणि लोकांचे नकाशे तू कशाकशासाठी परत पाठवतोस ते उतरताना आठव.

आप्पांच्या नावाने एक पार्सल येईल. ते त्यांनाच फोडू दे.

त्या व्यवस्थापकाला अजून हो म्हणाला नसशील, एवढी आशा धरून आहे.
ताई


३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बसून उतरलो. वरच्या वळणावर पाय सटकला आणि हाताला धरायला काही लागलं नाही, तेव्हा पुढचा सगळा जिना लहान मुलासारखा एकेका पायरीवर बसत उतरलो. खाली पोचलो तोवर उशीर झाला होता. माझं वय पन्नाशीच्या आतबाहेर, कंबर सोडली तर धडधाकट. त्या शेवटच्या पायरीवर, जिथे आप्पा बसले होते, तिथेच बराच वेळ बसून राहिलो. झोपायच्या खोलीपासून शौचालय लांब, म्हणून मी लाल शाईने किती नकाशे परत केले असतील.

माझी खालची खोली, जिथे माझं टेबल आणि फायली असतात, ती आप्पांना दिली. तिथून संडास चार पावलांवर. टेबल वर नेलं. आप्पा म्हणाले की याची काही गरज नव्हती. पलंगावर बसून, गादी हाताने दाबून बघत म्हणाले. भिंतीला कठडा ठोकला आहे, शोभा गेली. व्यवस्थापकाला कळवलं की पलंग दुसऱ्या कुणाला द्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नकोस. डॉक्टर म्हणाले की हे वयाचं आहे, वाढत जाईल. खोली बदलून ते कमी झालं, थांबलं नाही. कधीकधी आप्पा मधेच आईला हाक मारतात. पुढचं काय ते मला माहीत नाही.

खुराड्यात नवी पट्टी लावली. संध्याकाळी मी बॅटरी धरतो आणि आप्पा एकेकीला उचलून वर ठेवतात. त्यांच्या हातात त्या मुकाट्याने बसतात. माझ्या हाताला हेडबाई चोच मारते. टायपिस्ट अजून पुठ्ठ्याशी जाऊन टकटक करते, पण तिलाही उचलावं लागतं ते आता एकदाच. काल पहिलं स्वच्छ अंडं मिळालं. हिने ते फोडलं नाही, खिडकीत वाटीत ठेवून दिलं आहे.

आज पहाटे खण उघडायला गेलो तर नळामागे पोत्याखाली आईची चादर गुंडाळून ठेवलेली दिसली. भिजवलेली, पण पिळलेली नाही. मनगटांनी दगा दिला असावा. मी ती धुतली, पिळली आणि दोरीवर टाकली.

तुला एक माहीत नाही. माझ्या उशाचा तांब्या कधीच लवंडला नव्हता. आप्पा पहाटे उठून माझी चादर धुवायचे, मग तांब्यातलं पाणी मोरीत ओतायचे आणि तो माझ्या उशाशी आडवा करून ठेवायचे. मी जागा असायचो. माझ्याशी त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एका खोलीत झोपून तुलाही कळलं नाही, म्हणजे बघ.

चादर दोरीवर टाकतो आहे तोवर ही चहा घेऊन मागे आली आणि म्हणाली की आज भल्या पहाटे हे काय. बाक गच्चीवरून खाली परसात आणला आहे, त्यावर बसून आप्पा कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी म्हणालो की माझा तांब्या लवंडला.

आप्पांनी मान वर केली नाही. मामीपुढे मूठभर दाणे जास्त टाकले आणि म्हणाले की तांब्या उशाशी ठेवू नये, कितीदा सांगितलं.

भावजींना नमस्कार. इकडच्यांवर तुझा लोभ आहे, तो तसाच असू दे.
तुझा,
धाकटा