बंबाच्या धुराची नोटीस

आई, इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नकोस. तू गेलीस तेव्हा मला चाळिशी लागली नव्हती, आता पंचाहत्तरी जवळ आली. तुला वाचता येत नव्हतं आणि मीही सातवीतच शाळा सोडली, त्यामुळं तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलंच नाही. पण आता विचारायला घरात कुणी उरलं नाही. तुझी सून जाऊनही सहा वर्षं झाली. तुझा नातू, माझा मुलगा, पुण्याला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, बाबा, एवढ्याशा गोष्टीचा काय घोर लावून घेताय, सही करून टाका.

गोष्ट बंबाची आहे. कागलच्या बाजारातून तू आणलेला पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून न्हाणीपुढं आहे तिथंच आहे. रोज सकाळी मी त्यात शेणीचा तुकडा, दोन करवंट्या आणि वखारीतल्या ढलप्या घालून पेटवतो. पूर्वी गल्लीत दारोदारी बंब होते, धूर कुणाचा हे कुणी विचारत नव्हतं. आता शेजारी चार मजली अपार्टमेंट झालंय. त्याच्या पहिल्या मजल्यावर एक तरुण बाई राहते, तिच्या लहान मुलीला दमा आहे. दिवाळीनंतर ती स्वतः खाली आली आणि दारात उभी राहून म्हणाली, काका, धुराचं कायतरी बघा की, पोरगी रातभर खोकतीया. मी लगेच हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी पत्र्याचा पाइप आणून बंबाचं धुराडं चांगलं आठ फूट वर नेलं. फौंड्रीत जन्म गेला माझा, धूर जितका उंच सोडावा तितका बरा हेच तिथं शिकलो. पण पाइपाचं तोंड नेमकं तिच्या खिडकीपुढं आलं. खालून ते मला दिसलंच नाही. मला वाटलं, बाई आता खूश असेल. दिसली की मी हसायचो आणि ती मान फिरवायची.

मग महापालिकेची नोटीस आली, पाठोपाठ साहेब आले. वयानं अगदी पोरगेलेसे. पाइपाकडं बघून म्हणाले, "आजोबा, तुम्ही तर धूर थेट त्यांच्या घरात सोडलाय की. कुणी सांगितलं हा उद्योग?" त्यांच्यासाठीच केला, असं मी म्हटलं, पण ते हसले नाहीत. शहराची हवा बिघडलीय, तक्रार आली की घरातला बंबसुद्धा बंद करायला लावतात, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. यापुढं बंब पेटवणार नाही असं हमीपत्र सोमवारपर्यंत वॉर्ड ऑफिसात द्यायचं, नाहीतर ते बंब उचलून नेणार. जाताना विचारलं, घरात माणसं किती? एक, म्हटलं. मग एवढं पाणी कुणासाठी तापवताय? आईची आठवण आहे, एवढंच म्हणालो.

पाइप उतरवला आणि त्या बाईकडं वर गेलो. मुलगी वाफेचं मशीन तोंडाला लावून बसली होती. मांडीवर बाहुली होती, बाहुलीच्या तोंडालाही तिनं रुमाल बांधला होता. मी म्हटलं, "पोरी, चुकलं माझं. खालनं दिसलं न्हाय." ती म्हणाली, "काका, मला तुमच्यासंगं भांडायचं न्हाय. पर हिला श्वास घेता येत न्हाय, मी काय करू?" चहा विचारला तिनं. नको म्हणून मी निघालो.

जिना उतरताना तू डोळ्यापुढं आलीस. चुलीपुढं वाकून फुंकणी फुंकतेस, डोळे लाल झालेत, भाकरी थापता थापता तोंड फिरवून खोकतेस. चुलीवर धुराडं बसवून दे, असं तू एकदाच म्हणाली होतीस. दिवाळी होऊ दे, म्हणालो. त्याच महिन्यात फौंड्रीच्या मालकाच्या घरी धुराडं बसवून आलो आणि जेवताना तुला कौतुकानं सांगितलं. तू ताटात भाकरी वाढत म्हणालीस, "व्हय, त्यांचा धूर लई मोठा." पुन्हा कधी मागितलं नाहीस. एका दिवसाचं काम होतं ते, आई. परवा शेजारणीसाठी मी एका दिवसातच केलं.

म्हणजे सही करायला माझा हात अडखळायला नको. तरी चार दिवस कागद टेबलावर पडलाय. रोज चष्मा लावून वाचतो आणि पेन तसंच ठेवून देतो. साहेबांना सांगितलं ते खरं नव्हतं. बंब मी तुझ्या आठवणीसाठी पेटवत नाही. सकाळी धूर निघाला की गल्लीला कळतं, म्हातारा उठलाय. मागं मी तापानं पडलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी दूधवाला दार ढकलून आत आला. म्हणाला, काका, काल धूर न्हाय, आज बी न्हाय, म्हटलं बघावं तरी. गिझरला धूर नसतो. माझ्या जिवाची ही भीती त्या पोरीच्या श्वासापुढं कुठल्या तोंडानं सांगू? तुझ्या नातवालाही सांगितली नाही, तुलाच सांगतोय.

हे कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, वहीतच राहील. तरी सोमवारच्या आत काहीतरी कळव. रागावून कळवलंस तरी चालेल, पण लवकर कळव.