वाडीची पाटी घासू नये

मी, नवसू धोंडी हिलम, वय वर्षे ७२, धंदा पाट्या रंगवणे (फ्लेक्स आल्यापासून बंद), राहणार मुरबाड तालुक्यात टोकावड्याहून वैशाखऱ्याकडे जाताना लागणारी कातकरीवाडी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, चष्मा लावून, कोणीही मानेवर बसलेले नसताना लिहीत आहे. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्या दवाखान्याची पाटी मीच रंगवली, आणि तिच्यावर लिहिलेली वेळ त्यांनी एक दिवसही पाळलेली नाही, हे मला नीट आठवते. म्हणजे डोके ठीक आहे.

आधी मी मुरबाडला दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो होतो. त्याने नाव, वय, पत्ता भराभर उतरवून घेतला. मी म्हटले, "जमातही लिहा. कातकरी." त्याने पेन थांबवले आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "काका, मृत्युपत्रात ते लागत नाय. उगाच कशाला?" मी त्याला एखादा लाजिरवाणा आजार सांगितला असावा, असा त्याचा चेहरा झाला होता. मी कागद उचलला आणि घरी आलो. पंचेचाळीस वर्षे दुसऱ्यांनी सांगितलेले शब्द रंगवले, निदान मरणाचा कागद तरी माझ्या शब्दांत असू दे. तर लिहितो: मी कातकरी आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द, असेही लिहायची पद्धत आहे. याआधीचे एकही नाही, तरी रद्द.

कलम १. घर.

घर क्रमांक ४७, विटांच्या दोन खोल्या, वर कौले, मागे शेवग्याचे झाड. आमच्या लोकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या भट्टीवर विटा थापल्या. त्या विटांचे घर वाडीत पहिल्यांदा मी बांधले, तेव्हा खालच्या गावातल्या चौघांनी नाके मुरडली. त्यांतल्या दोघांना मी माफ केले आहे.

मागची खोली आणि शेवगा मुलगी रुपाली हिला, बिनशर्त. रुपाली वाडीतच अंगणवाडीत मदतनीस आहे. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला विचारले, "तुम्ही कुठल्या?" तर म्हणाली, "इथलीच, कातकरी," आणि एका पोराचे नाक पुसायला लागली. इतके सोपे काम आहे ते.

पुढची, रस्त्याकडची खोली मुलगा पंकज याला, अटीवर. पंकज कल्याणला सरकारी कचेरीत क्लार्क आहे. नोकरी त्याला जमातीच्या दाखल्यावर लागली. तो त्याचा हक्क आहे, त्यावर कोणी तोंड वर करून बोलू नये. माझी तक्रार वेगळी आहे. चार वर्षांपूर्वी त्याने ब्लॉक घेतला आणि म्हणाला, "बाबा, दारावरची पाटी तुमच्याच हातची पाहिजे." मी फुगलो. सागाची फळी आणली, दोन दिवस घासली, गुळगुळीत केली. मग विचारले, "काय लिहू? पंकज नवसू हिलम?"

"नको बाबा. नुसतं 'श्रीकृपा' लिहा."

"आणि नाव?"

"इथे आडनावावरून लगेच कळतं. मितालीच्या मैत्रिणी येतात घरी."

मिताली म्हणजे माझी नात. तिने कधी काही म्हटले होते का, ते मी विचारले नाही. मी 'श्रीकृपा' लिहिले, वर कमळही काढले, चहा घेतला आणि एसटीने परत आलो. त्या दारामागे कोण राहते ते पोस्टमनलासुद्धा विचारावे लागते. देवाने काय मागितले होते रे, की माझे नाव लावून तुझ्या बापाचे लपव?

अट अशी: मी गेल्यावर एका वर्षाच्या आत पंकजने कल्याणच्या त्या दारावर 'पंकज नवसू हिलम' असे स्वतःच्या हाताने, रंगाने लिहावे. फ्लेक्स चालणार नाही, स्टिकर चालणार नाही. न लिहिल्यास पुढची खोलीही रुपालीची. तिने तिथे खुशाल शेळ्या बांधाव्यात. शेळ्यांना आडनावाची लाज वाटत नाही.

कलम २. बँक.

जे आहे ते रुपालीला. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही, पासबुक उघडल्यावर तुम्हालाही पटेल.

कलम ३. महादू शेठ.

मुरबाडच्या बाजारात यांचे हॉटेल आहे. सन १९८६ मध्ये मी शिडीवर चढून त्यांचा भावफलक रंगवत होतो. मिसळ झाली होती, भज्यांचे चालले होते. खाली शेठचा मुलगा खेळून आला आणि तसाच खायला बसला. शेठ खेकसले, "काय रे कातकऱ्यासारखा खातोस? हात धू आधी!" मग त्यांना मी आठवलो. वर बघून हसले आणि म्हणाले, "तुला नाय रे नवसू. तू तर आपला पेंटर." आणि मला भज्यांची प्लेट दिली.

आता खरे लिहितो, कारण मेल्यावर कोणी तोंडावर हसणार नाही. मला बरे वाटले. शेठने मला त्या शब्दातून बाहेर काढून आपल्यात घेतले, याचे बरे वाटले. अर्धी भजी खाल्ली आणि उरलेली कागदात बांधून मीनासाठी घरी नेली.

मीना माझी बायको. ती २०१७ साली वारली. भज्यांच्या त्या दिवशी ती अंगणात खेकडे साफ करत बसली होती. मी ऐटीत सगळे सांगितले. तिने खेकडा खाली ठेवला.

"तुला नाय बोलला. मंग कोनाला बोलला रे? मला बोलला. या पोराला बोलला. आन् तू भजी घेऊन आलास?"

पंकज तेव्हा आठ वर्षांचा, तिथेच उभा होता. मीनाने भजी कोंबड्यांपुढे टाकली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी जे ऐकायला हवे होते, ते तिने बाजारात न जाता ऐकले होते.

महादू शेठ अजून आहेत, नव्वदी पार केली. त्यांना मी माझा केस झडलेला सर्वांत जुना ब्रश देतो आणि सोबत हा निरोप: हात आम्हीही धुतो. शेठना कमी ऐकू येते. म्हणून रुपालीने हॉटेलात जाऊन, गिऱ्हाइके बसलेली असताना, निरोप मोठ्याने वाचून दाखवावा.

कलम ४. पाटी कशी झाली.

चौथ्या दिवशी मीना बोलली. "जगाच्या पाट्या रंगवतोस. आपली कुठंय?"

खरेच नव्हती. एसटी आमच्या फाट्यावर थांबली की कंडक्टर ओरडायचा, "चला, जंगलवाले उतरा!" मग मीनाने तेलाचे जुने पिंप फोडून दगडाने पत्रा सपाट केला. मी तो घासला, प्राइमर मारला, पांढऱ्यावर लाल ऑइल पेंटने लिहिले: कातकरीवाडी. शिडी मीनाने धरली होती. अक्षर हातभर उंच असावे, असा तिचा हुकूम होता.

आठ दिवसांनी बाजारातून येताना कंडक्टरने खिडकीतून पाटी वाचली आणि हाक दिली, "कातकरीवाडी! कातकरीवाडीवाले उतरा!" मीना खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता कसं? बोलला ना नीट." शब्द शेठच्या तोंडचाच होता. पण शेठने तो घाण दाखवायला वापरला होता, आणि कंडक्टरने आम्ही सांगितला म्हणून हाक मारायला वापरला. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याने आमच्या भल्याच्या गोष्टी करू नयेत.

तशा त्या पुष्कळांनी केल्या. बॅनर मीच रंगवायचो, म्हणून मला पाठ आहे. एका साहेबाने आम्हाला गिरिजन केले. दुसऱ्याने दुर्बल घटक. मग आदिम झालो, मग लाभार्थी. एका थंडीत पाहुण्यांनी 'वनवासी बांधवांना ब्लँकेट वाटप' असे लिहून घेतले. अहो, वनवासात माणसाला कोणीतरी पाठवते आणि मुदत संपली की तो घरी जातो. आम्हाला कोणी पाठवलेले नाही. आम्ही घरीच बसलो आहोत, आले ते तुम्ही. एक ब्लँकेट मलाही मिळाले होते, फार टोचायचे. ते रुपालीने कुत्रीला घालावे.

'आदिवासी' म्हणा, मला चालते. मोर्चाचा बॅनर मी त्याच शब्दाने रंगवला, फुकट रंगवला. ठाकर, वारली, महादेव कोळी, आम्ही, सगळ्यांना एका रांगेत उभे राहायला तो शब्द लागतो, आणि तो आम्ही आमच्या तोंडाने ओरडलो आहोत. पण रांग सुटली की प्रत्येकाला आपापल्या घरी जायचे असते. माझे घर कातकरीवाडीत आहे.

कलम ५. पाटीचे पुढे काय झाले.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसेवक आले. वस्त्यांची जातीवरून पडलेली नावे बदला, असा सरकारचा आदेश होता. आदेशाला मी वाईट म्हणत नाही. ज्या वस्तीला दुसऱ्यांनी शिवी चिकटवली असेल, तिने ती जरूर खरवडून काढावी. तो त्या वस्तीचा अधिकार आहे.

"नवसूकाका, तुमच्याच भल्याचं आहे," ग्रामसेवक म्हणाले. "सूर्योदयनगर. मस्त ना?"

"ठरवलं कोणी?"

"मीटिंगमध्ये ठरलं."

"मीटिंगला वाडीतलं कोण होतं?"

त्यांना तेवढ्यात फोन आला. तो वाजल्याचे मला ऐकू आले नाही.

आमच्या पूर्वेला डोंगराची भिंत आहे. तालुक्यात सगळ्यांत उशिरा ऊन पडत असेल तर ते आमच्या वाडीत. सूर्योदय हे नाव सुचवणारा माणूस सकाळी कधी इकडे फिरकलाच नाही, हे नावावरूनच सिद्ध होते.

तरीही ती नवी पाटी मी रंगवली. वाडीतले काहीजण त्यावरून माझ्यावर थुंकले, कमळूने तर चार महिने माझा चहा घेतला नाही. का रंगवली ते आज पहिल्यांदा लिहितो. मी नाही म्हटले असते तर मुरबाडहून फ्लेक्सवाला आला असता आणि मीनाचा पत्रा भंगारात गेला असता. म्हणून मी ग्रामसेवकांना म्हटले, "पत्रा तोच वापरू साहेब, पंचायतीचा खर्च वाचेल." ते खूश झाले.

जुन्या ऑइल पेंटवर नवा रंग धरायचा असेल तर पत्रा आधी पॉलिश पेपरने खरखरीत घासावा लागतो, मग प्राइमर मारावा लागतो. हे माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी कळायचे. मी पत्रा घासला नाही. प्राइमर मारला नाही. मीनाच्या लाल अक्षरांवर तसाच पांढरा हात फिरवला आणि वर निळ्यात सूर्योदयनगर लिहिले. असा रंग तीन-चार उन्हाळे टिकतो, मग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. आयुष्यात एवढे एकच काम मी जाणूनबुजून वाईट केले आहे. त्या पाटीच्या कोपऱ्यात मी सही केलेली नाही.

कलम ६. हत्यारे.

शिडी, सर्व चांगले ब्रश, सरळ रेघ आखायची निळीची दोरी आणि रंगाची पेटी पंकजला, बिनशर्त. शेळ्यांचे वाचून झाल्यावर हे वाचणाऱ्याला नवल वाटेल, म्हणून कारण देतो.

पंकज बारावीपर्यंत सुट्टीत माझ्याबरोबर शिडीवर असायचा. अक्षर माझ्यापेक्षा चांगले. गेल्या दिवाळीला आला होता. परत जाताना एसटीची वाट बघत पाटीखाली उभा राहिला, मी सोबत होतो. त्याने पाटीकडे बघितले, मग जवळ जाऊन नखाने कड खरवडली. पांढरा पापुद्रा सुटून हातात आला. खाली लाल दिसले.

"बाबा, घासलं नाय तुमी," तो म्हणाला. कल्याणला तो 'नाही' म्हणतो.

"वय झालं. राहून गेलं."

त्याने माझ्याकडे बघितले. मग रस्त्याकडे बघितले, कोणी येत नव्हते. पापुद्रा त्याने टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. "ग्रामसेवकाला बोलू नका," म्हणाला आणि एसटीत चढला. खिडकीतून हातही केला नाही, मान वळवून बसला. रडत होता की काय, मला दिसले नाही. त्या दिवशी मी ठरवले की खोली सरळ शेळ्यांना द्यायची नाही, एक वर्ष वाट बघायची. मी नसेन, पण वाट बघायची.

कलम ७. पॉलिश पेपर.

पेटीत काही कोरे पॉलिश पेपर आहेत. ते पेटीबरोबर पंकजला जाणार नाहीत, रुपालीला नाहीत, कोणालाच नाहीत. आमच्यात माणूस पुरताना त्याच्या रोजच्या वापरातले काही सोबत ठेवतात. मीनाबरोबर मी तिचा कोयता ठेवला होता. माझ्याबरोबर हे सगळे पेपर ठेवावेत. पाटी कोणी घासू नये, कोणी तिच्यावर नवा हात देऊ नये. उन्हाचे काम उन्हाला करू द्यावे.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. पाचवे कलम ऐकल्यावर कमळू उठून आत गेला आणि स्वतः चहा करून घेऊन आला. कमळूच्या नावापुढे मी जमात लिहिली. दुसरा साक्षीदार भगीरथ, तो जमातीने ठाकर आहे. तो म्हणाला, "माझंपन लिव. मी काय लपून आलोय?" म्हणून दोघांचीही जमात लिहिली आहे.

सही: नवसू धोंडी हिलम, कातकरी, पेंटर

साक्षीदार:
१. कमळू वाघ, कातकरी, वय ६६ (डाव्या अंगठ्याचा ठसा, लाल ऑइल पेंटमध्ये, कारण शाई सुकली होती)
२. भगीरथ मेंगाळ, ठाकर, वय ५८ (सही)

दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
ठिकाण: कातकरीवाडी. पंचायतीच्या दप्तरी सूर्योदयनगर, तूर्तास.