मैनाच्या आजाराची चोरी

सोमवार, ६ फेब्रुवारी १९६१, अकोला

मोडलं! मैनाचं लग्न मोडलं. अकोटहून वरपक्षाचं पत्र आलं. तिचे वडील, भगवंतराव, ते घेऊन तडक क्षयाच्या दवाखान्यात आले अन् माझ्या टेबलावर आपटलं. 'डाव्या फुप्फुसाला डाग, सतरा महिने औषध, असं आम्हाला कळलं' — शब्द न् शब्द आमच्या केसपेपरातला! पोरगी वर्षापूर्वीच बरी झाली, हे कुठंच नाही. मी इथला कारकून, कागदांच्या कपाटाची किल्ली माझ्याजवळ. म्हणजे चोर मीच.

"देवमन, तुले पोरीसारखी होती ना थे?" म्हणाले.

उद्याच ठाण्यात जातो.

मंगळवार, ७

ठाण्यात फिर्याद द्यायला गेलो.

"काय चोरीले गेलं?" खुशालराव जमादार.

— मैनाचा आजार.

"कागद कुठी हाये?"

— कपाटातच.

"मंग चोरी काहून म्हन्तं?"

जाड पुस्तक दोनदा चाळलं त्यांनी. कागद नेला तर कलम आहे. नुसता वाचून नेला तर नाही!

शुक्रवार, १०

डॉक्टरांनी पोलिसांच्या वरच्या साहेबांना लिहिलं. आज जमादार आले अन् पुरावा म्हणून अख्खं कपाट बैलगाडीत घालून घेऊन गेले. तीनशे रोग्यांचे कागद!

सोमवार, १३

कागद ठाण्यात, म्हणून रोगीही ठाण्यात. रांग रस्त्यापर्यंत. जमादार दारात उभे राहून खड्या आवाजात — "मनकर्णाबाई! थुंकीत जंतू! या पुढं!"

धावलो. म्हटलं, साहेब, हळू. गुपित असते हे.

"गुपित हाये म्हनूनच त मी सोता वाचून राहिलो! शिपायाले हात लावू देत नाही."

संध्याकाळी बाजारात मनकर्णाबाईंची पालकाची भाजी कोणी घेतली नाही. जुडीवर पाणी शिंपडत बसल्या होत्या. माझ्याकडं पाहिलं नाही.

मंगळवार, १४

डॉक्टर म्हणाले, चोर सापडेपर्यंत कामावर येऊ नका.

बुधवार, १५

मैना घरी आली. दारातच उभी.

"देवमनभाऊ, अकोटले मीच कळवलं. बिननावाची चिठ्ठी धाडली. तुमी किल्ली टेबलावर ठेवून चहाले गेलते, तवा कागद उतरून घेतला. मले नर्स व्हायचं हाये. थे लोक शिकू देत नोते. तुमची नोकरी जाईन असं वाटलं नोतं... चाला, ठान्यात सांगतो."

सांगितलं तर मी सुटतो. अन् बाप तिला परत अकोटवाल्यांच्या पायावर घालतो.

म्हटलं, "ठाण्यात काही जाऊ नको. नर्सिंगचा फॉर्म आण. मी भरून देतो."