टेपच्या पट्ट्यांचा एरियल

चांगला पाच मीटरचा लोखंडी टेप होता माझा, त्याचे तुमच्या पणतीने पत्रा कापायच्या कातरीने तुकडे तुकडे केले. वर मलाच विचारते, "आजी, अजून एक असेल का गं?" आबा, रक्त तुमचं, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.

प्लास्टिकच्या नळीवर त्या पट्ट्या बसवल्या आणि त्याला एरियल म्हणते. सोबत पानाच्या डब्याएवढा वायरलेस. परीक्षा देऊन सरकारचं लायसन काढलंय, म्हणून बोलायची मुभा. त्या डब्यात झिरोच्या बल्बएवढीही ताकद नाही, आणि बाई त्यातून आकाशातला उपग्रह गाठणार, तो तिचा आवाज दूरच्या मुलखात टाकणार. तो डोक्यावरून दहा मिनिटांत निघून जातो. तीन दिवस सकाळी इथे देवपूरच्या गच्चीवर, माझ्या वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांमधून उड्या मारत ओरडली. कोणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी रडकुंडीला आली. "एका हातात सेट, एका हातात नळी, ऐकलेलं लिहू कशाने? आज नाही जमलं तर मोडून टाकते सगळं बठ्ठं." म्हटलं, "माझा टेप कापून आता मोडतेस? आण इकडे." पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि नळी धरली.

सेटमधून खरखर सुरू झाली, आणि मी एरंडोलला आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्र्यावर उभी आहे. दुकानात हात हवा म्हणून चौथीनंतर तुम्ही माझी शाळा सोडवलीत. मी वर एरियल फिरवते, तुम्ही खालून ओरडता, "कान दे पोरी! खरखर पातळ झाली का तठेच थांब!" दोन वर्षांत मला तुमच्याआधी कळायला लागलं. मग एका सकाळी माझ्या स्टुलावर भाऊ बसलेला. मी विचारलं, "आबा, मी काय चुकले?" तुम्ही मान वर केली नाहीत, पेचकस फिरवत राहिलात. संध्याकाळी आईने चुलीपाशी सांगितलं, "तुझे आबा म्हणतात, आता भाकरी शिक." माझ्याशी बोलायला तोंड नव्हतं का तुम्हाला?

उपग्रह कुठे ते पोरगी फोनमध्ये बघून सांगत होती, "डावीकडे, आजी, डावीकडे!" मी लक्ष दिलं नाही. मनगट जरा वळवलं, आडव्या पट्ट्या उभ्या झाल्या, खरखर पातळ झाली. "आता बोल," म्हटलं. ती बोलली, आणि पलीकडून कोण्या बाप्याने तिची लायसनवरची खूण जशीच्या तशी म्हणून दाखवली. पोरगी अशी नाचली की दोन बिबड्या तुडवल्या. "आजी, कुठे शिकलीस हे?"

"कुठे नाही. अंदाजाने फिरवलं."

खोटं बोलले. तुमचं नाव घ्यायला जीभ वळली नाही. तुम्ही तर गेलात, हा कागद टाकायचा तरी कुठे, बिबड्यांच्या डब्याच्या तळाशी घालते. पण तेव्हा विचारलेलं अजून तसंच आहे, आबा. मी काय चुकले होते? उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. आईला पुढे करायचं नाही.