कळंब रस्त्याचं वळण

४ डिसेंबर १९६१

डोमाजी मिस्त्रीने गाडी दारात आणून लावली. उघडी, दोन सीटांची. बाभळीवर आदळून चेपलेलं नाक ठोकून सरळ केलंय. याच गाडीत हे गेले, त्याला आज दोन महिने. गाडी दुरुस्त होते!

मारोतराव भाऊजी फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, विकून टाका ती. लोक बोलतात—"

काय बोलतात ते ठाऊक आहे. पिऊन चालवत होते म्हणे. ह्यांनी कधी शिवलीसुद्धा नाही!

५ डिसेंबर

कोणी आलं नाही. एका भाकरीसाठी चूल पेटवावीशी वाटली नाही.

९ डिसेंबर

डोमाजीला म्हटलं, मला चालवायला शिकवा. घाबरलाच! "बाईसाहेब, लोक काय म्हनतीन?" म्हटलं, म्हणतातच आहेत.

डांबरावर गाडी कशी रस्त्याला चिकटून जाते! डांबर संपून गिट्टी लागली अन् मागची बाजू उड्या मारायला लागली. डोमाजी म्हणाला, "शॉकअप लय कडक कसले हायेत. डांबरावर बेस. गिट्टीवर चाक जमिनीले टेकूनच नाही राह्यलं. मंग वळनावर घसरनारच ना!"

घरी येऊन हेच घोकत बसले. कोणाला सांगू?

१४ डिसेंबर

कळंब रस्त्यावरच्या त्या वळणाला गेलो. स्टिअरिंग माझ्या हाती. ताशी तीस मैलांवर शेपटी बाहेर गेली — थेट बाभळीकडे! कशीबशी थांबवली. डोमाजीने पान्याने मागच्या शॉकअपचे दोन्ही नट सैल केले. पुन्हा तीस. गाडी डोलली, पण चाकांनी जमीन धरली. वळली!

पिऊन नव्हते!

रस्त्याच्या कडेला बसून रडले. डोमाजी पाठ फिरवून कितीतरी वेळ पाना पुसत राहिला.

१५ डिसेंबर

भाऊजींना सगळं सांगितलं. खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाले, "पण दादाला तर डोलणारीच गाडी आवडायची. कडक केली कोणी?"

१६ डिसेंबर

डोमाजी सांगेचना. फार विचारल्यावर बोलला — "साहेबच येऊन सांगून गेलते. म्हने, गाडी डोलली का बायकोले मळमळते, म्हनून ती सोबत बसत नाही. पुरी कडक करून दे, रविवारी विचारून पाहतो तिले."

मळमळत कधीच नव्हतं. मला त्यांच्यासोबत जायचं नसे, एवढंच.