विहारात गाळलेली ओळ

दिवा (पूर्व)
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

लाडकी रचू,

तुला, राकेशला आणि सान्वीला आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी ठीक आहेत. सुमितची ड्युटी बदलली, सूनबाई प्रियांकाचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तिथेच आहे. पाणी एक दिवसाआड येतं, ते पण आपल्या सोयीने नाही, त्याच्या सोयीने. तुमच्याकडे मानपाड्याला तरी बरं असेल.

आता तू म्हणशील, आई, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, बरी आहेस ना? मी बोलते, हो. मी विचारते, जेवलीस का? तू बोलतेस, हो. मग तुझ्याकडे कुकरची शिट्टी होते. वर्षातून तीन फोन, आणि तिन्ही वेळा तुझा कुकर. म्हणून सुमितची जुनी वही घेऊन बसले. मी तिसरी पास, त्यात ती तिसरी पण मास्तरांनी दया करून दिलेली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तीन दिवस झाले, दुपारी थोडं थोडं लिहिते. प्रियांकाच्या हातून पाठवेन. तिची मैत्रीण ऐश्वर्या तुमच्याच सोसायटीत राहते ना, ती आणून देईल.

आधी आनंदाची बातमी. बुधवारी संविधान दिनाला आपल्या विहारात उद्देशिका मी म्हटली! खरंच. पुढे उभी, पांढरी साडी, हातात माईक. मी एक ओळ बोलायची आणि मागून सगळ्यांनी. आपल्या गल्लीतली माया आता महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, ती घरी येऊन बोलली, "आजी, दरवर्षी शिकलेलेच वाचतात. या वर्षी जिला पाठ आहे तिने म्हणायची." मी बोलले, "अगं, मला चष्मा लागतो." तर म्हणते, "पाठ आहे तर चष्मा कशाला?" वकील व्हायची ती, चुकून पार्लर टाकून बसली.

मला पाठ कशी, तर तुझ्या पप्पांमुळे. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. कंपनीतून उद्देशिकेची फ्रेम मिळालेली, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावली. मी खाली भाकऱ्या थापायची आणि ते फ्रेमसमोर उभे राहून बोलायचे. एका भाकरीला एक ओळ. आधी मी बरोबर म्हणायची, मगच भाकरी उलटायची. "न्याय" किती वेळा करपला त्याचा हिशोब नाही. एकदा मी विचारलं, "अहो, हे शेवटी स्वतःप्रत अर्पण काय? देतो कोण आणि घेतो कोण?" तर बोलले, "शकू, हे कुठल्या राजाने दिलं नाही, गोऱ्या साहेबाने दिलं नाही. आपणच लिहिलं आणि आपणच घेतलं. म्हणून मोडलं तर दुसऱ्याचं नाव सांगता येत नाही."

माझी आजी गावात देवळावरून जाताना चपला हातात घ्यायची. कागदावर लिहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी त्या पायात आल्या नाहीत, पण आल्या. माझ्या आईच्या वेळेला आल्या. हे मला पप्पांनी सांगितलं नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

तर काय सांगत होते, मी चुकले! शंभर माणसांसमोर. पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुला कळणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी प्रियांका धावत आली, "आई, हे बघा, हे बघा." ऐश्वर्याचा मुलगा सान्वीच्या वर्गात आहे, तिने शाळेतल्या सरावाचा व्हिडिओ पाठवलेला. एकेका मुलाला उद्देशिकेची एकेक ओळ. पहिला तो गुबगुबीत मुलगा "आम्ही, भारताचे लोक" असा ओरडतो की त्याला माईक दिलाच कशाला. मग एक शिरा ताणणारी मुलगी. मग त्यांच्या बाई नाव घेतात, "सान्वी रचना राकेश."

रचू, तुझं नाव मधे! मी प्रियांकाला बोलले, परत लाव. तिने परत लावलं. मी बोलले, परत. शेवटी ती फोन माझ्याकडे टाकून भाजी चिरायला गेली.

डावा मोजा खाली गेलाय तिचा. बोलायच्या आधी एकदा गिळते आणि हनुवटी वर करते, तुझ्यासारखी. वेण्या कोण घालतं? उजवी वेणी सैल आहे, सरावाला चालतं म्हण, पण माझे हात शिवशिवले. मी शेवटचं तिला पाहिलं ते पप्पा गेले त्या दिवशी, राकेशच्या खांद्यावर दारात झोपलेली, तीन वर्षांची. तोंड पण दिसलं नाही, नुसते पाय. सहा वर्षं मी ते पाय आठवत होते. आता त्या पायांना तोंड मिळालं. किती बोलते गं! तिची ओळ होती, "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य." एवढी मोठी ओळ दिली आणि कुठे अडली नाही.

मग बुधवार. विहार भरलेला, पोरंटोरं पुढे बसलेली. "आम्ही, भारताचे लोक," मी बोलले, मागून सगळे बोलले. सगळं झकास चाललेलं. न्यायापर्यंत आले. पुढची ओळ सान्वीची. तोंड उघडलं तर कानात तिचाच आवाज. सगळे माझ्याकडे बघतायत. आणि काय झालं मला, मी ती ओळ सोडून सरळ पुढच्या ओळीवर उडी मारली, "दर्जाची व संधीची समानता!" आणि गंमत बघ, अख्ख्या विहाराने माझ्यामागे उडी मारली. कोणाला पत्ता नाही. फक्त माया कानाशी आली, "आजी, स्वातंत्र्य राहिलं." माईक चालूच होता. जो हशा झाला! मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, पंचाहत्तर वर्षं झाली मिळून, आता परत घेता काय?"

मी पण हसले. मागे गेले, ती ओळ म्हटली, पुढचं सगळं नीट केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं म्हातारी विसरली.

मी विसरले नव्हते, रचू.

नंतर खीर होती. चांगली होती, वेलची जरा जास्त. घरी येताना दगडूकाका माझ्याबरोबर होते. त्यांना आता एका डोळ्याने कमी दिसतं, तरी माझा हात तेच धरतात, मी त्यांचा नाही. त्यांचं नाव काढलेलं आवडत नाही तुला, पण या पत्रात काढावं लागेल. कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानापाशी ते थांबले आणि बोलले, "वहिनी, सान्वीची ओळ होती ना ती?" व्हिडिओ त्यांनी पण बघितलेला, डोळ्याला लावून. मी बोलले, "भाऊजी, आता मी रचनाला सगळं लिहिते." तर म्हणाले, "काय गरज आहे? मला सवय झालीय."

त्यांना सवय झाली, म्हणून मला हे लिहायला पाहिजे.

तुझ्या रजिस्टर लग्नाची नोटीस ठाण्याला ऑफिसात बोर्डावर लागली, तीस दिवसांची, त्यावर आपल्या घरातून हरकत गेली. या मुलीचं लग्न गावी आधीच झालंय, मामाच्या मुलाशी. तू तो कागद पाहिलास. अक्षर काकांचं, सही काकांची. तू घरी येऊन त्यांना बोललीस ते अजून या भिंतीत आहे. "तुम्ही माझं नाव खराब केलंत. तुम्ही ज्या घरात आहात तिथे मी पाय ठेवणार नाही." आणि ठेवला नाहीस. फक्त पप्पा गेले तेव्हा तासभर आलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि बोललीस, "आई, तू तरी काकांना अडवायचं होतंस."

मी नुसती तुझी पाठ थोपटली.

अक्षर काकांचं होतं. बोल माझे होते. मला लिहिता येत नव्हतं एवढं, म्हणून त्यांना बसवलं. ते बोलले, "वहिनी, हे खोटं आहे, पोरीच्या जन्माला डाग लागेल." मी बोलले, "तुम्ही लिहिलं नाहीत तर आजपासून मी तुमची भावजय नाही." त्यांना आईबाप नाहीत, लग्न केलं नाही, माझ्या हातचं जेवून मोठे झाले. त्यांनी लिहिलं. सही करताना पेन खाली ठेवलं, तर मी परत हातात दिलं. ऑफिसात ते आत गेले, मी बाहेर बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. आतल्या बाईंनी पुरावा विचारला, साक्षीदार विचारला. काही नव्हतं. त्या बोलल्या, मुलगी सज्ञान आहे, तिला हक्क आहे, आणि हरकत काढून टाकली. काका बाहेर आले, मला बोलले, "बरं झालं." मी त्यांच्याशी रिक्षात बोलले पण नाही.

का केलं? एक आठवडा आधी मी राकेशच्या आईला भेटून आलेली, तुला न सांगता. नवी साडी नेसून, लाडू घेऊन. त्या वाईट बोलल्या नाहीत. बसवलं, चहा दिला. मग बोलल्या, "तुमच्याकडची दहा माणसं पुरेत, आमचे पाहुणे जुन्या वळणाचे आहेत. आणि ते जयभीम वगैरे तेवढं दारात नको." मी हो बोलले. मी हो बोलले, रचू! चहा पिऊन आले. जिना उतरताना मला वाटलं, मी एक तास हे सोसलं, माझी पोर जन्मभर सोसणार. ते तुला तोंडाने सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी कागद केला. हे कारण म्हणून सांगत नाही. थोडं कारण म्हणूनच सांगते, आई आहे. पण तू आता त्यांच्याशी यावरून भांडू नकोस. त्यांच्याच घरातून सान्वी तुझं नाव लावून शाळेत जाते, म्हणजे कोणीतरी बदललं असेल. माझ्यापेक्षा लवकर बदललं.

आणखी एक आहे, ते सगळ्यात जड. पप्पांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. पाच वर्षं. एका घरात, एका ताटलीच्या अंतरावर बसून. आणि मी मधे बसून दोघांना वाढत राहिले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी काका उशाशी उभे, पप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा पण मी बोलले नाही. घरी आल्यावर मी काकांच्या पाया पडायला गेले तर मागे सरकले. बोलले, "वहिनी, माझ्यावर असू दे. पोर माझ्यावर रागावली तर चालेल, मी काका आहे. आईवर रागावली तर ती जाईल कुठे?"

त्यांच्या त्या बोलण्यावर मी सहा वर्षं आणखी जगले. तुझे तीन फोन मला त्यांच्या जिवावर मिळत होते.

आता हे वाचून तुझे फोन बंद होतील हे मला कळतं. बुधवारपासून तेवढंच मोजतेय, हे पाकीट दिलं की माझ्याकडे काय उरेल. व्हिडिओ उरेल. तो प्रियांकाने माझ्या फोनात टाकून दिलाय. पण तो बघताना मला वर मान करता येत नाही, असल्या बघण्याचं काय करू? तिने ती ओळ किती मोकळेपणाने म्हटली. तिच्या आजीने तिच्या आईला तेच दिलं नव्हतं, हे तिला मोठी झाल्यावर कोणीतरी सांगेलच. तुझ्या तोंडून कळू दे, आणि खरं नाव कळू दे.

मला फोन नाही केलास तरी चालेल. काकांना कर. सकाळी दहानंतर ते दारात खुर्ची टाकून बसतात. पहिली घंटा त्यांना ऐकू येत नाही, दुसऱ्यांदा कर. ते काही बोलणार नाहीत, तूच बोल. जमलं तर सान्वीचा आवाज एकदा त्यांना ऐकव. मी स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही.

आणि एक राहिलं. तेव्हा तुझ्या नोटिसीवर घरातून एकच कागद गेला. दुसरा मी आज लिहिते. ऑफिसात तो चालणार नाही, मला माहीत आहे, पण तू ठेव.

मी, शकुंतला शिवराम गमरे, राहणार दिवा, वय एकाहत्तर, लिहून देते की माझी मुलगी रचना हिचं लग्न झालेलं नव्हतं, मामाचा मुलगा वगैरे सगळं खोटं होतं आणि मी ते रचलं. माझे दीर दगडू यांचा त्यात दोष नाही. रचना आणि राकेश यांच्या लग्नाला माझी काहीही हरकत नाही. अकरा वर्षं उशीर झाला. कोणी जबरदस्ती केलेली नाही, शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

लिहून देणार,
तुझी आई